अक्काचा बोनस

अक्काला राग यायला वेळ लागायचा, पण एकदा आला की तो पाहुण्यासारखा चहा पिऊन निघून जायचा नाही, बिऱ्हाडच थाटायचा. या खेपेला त्याने बिऱ्हाड थाटलं ते विम्याच्या एजंटासमोर, अक्काच्याच जेवणाच्या टेबलावर. निमित्त होतं तिच्या धाकट्या भावाच्या नव्या गाडीचं.

भावाला घरात राजा म्हणत. पन्नाशी जवळ आली, केस कपाळावरून मागे हटले, तरी राजा तो राजाच. त्याने नवी गाडी पसंत केली होती. जुनी गाडी शोरूमला देऊन टाकायची आणि तिचे जे काही येतील ते नवीच्या किमतीतून वजा करून घ्यायचे, हे त्याने परस्पर ठरवलं होतं. जुनी गाडी म्हणजे इतकी वर्षं अक्काच्या दारात उभी असलेली, अक्काच चालवत आलेली, अक्काच पुसत आलेली. पण कागदावर राजाची. वडिलांनी ती घेतली तेव्हा राजा परगावी नोकरीला होता, त्याला गाडी नको होती, नीट चालवताही येत नव्हती. तरी नावावर त्याच्याच घेतली. मुलगा होता ना. संपला विषय.

एजंट गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. त्याने नव्या गाडीच्या विम्याचा आकडा लिहून कागद राजापुढे सरकवला, आणि राजाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"हे वर्षाचं आहे की जन्माचं?"

"वर्षाचं, साहेब."

"अहो, जुन्या गाडीला याच्या पावपटसुद्धा पडत नाही! गाडी ती गाडीच ना? हिला काय पंख आहेत?"

एजंटाला हा प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारत असणार, कारण त्याने खुर्ची पुढे ओढली आणि मजेत सुरुवात केली. "विम्यात दोन भाग असतात, साहेब. एक, तुमच्या गाडीने दुसऱ्याचं काही मोडलं तर. तो जुनीला काय, नवीला काय, उन्नीस-बीस. दुसरा भाग तुमच्या स्वतःच्या गाडीचा, आणि तो गाडीच्या आजच्या किमतीवर ठरतो. तुमची जुनी उद्या चोरीला गेली तर कंपनी किती देणार? भंगाराहून थोडं वर. म्हणून हप्ताही थोडा. नवी गेली तर कंपनीला अख्खी गाडी द्यावी लागते. म्हणून हप्ता मोठा."

"चोरीला कशाला जातेय? गॅरेजात ठेवणार मी."

"चोरीचं सोडा. नुसती घासली तरी? जुनीचा बंपर म्हणजे पत्रा. ठोकला, रंग मारला, झालं. नवीच्या बंपरमध्ये सेन्सर, कॅमेरा, वायरी, काय काय भरलेलं असतं. अंगठ्याएवढा पोचा आला तर अख्खा बंपर बदलावा लागतो. दिवा फुटला तर दिवा मिळत नाही, सगळा संच घ्यावा लागतो." एजंट आता रंगात आला होता. "फार म्हातारी झाली गाडी की भाग मिळेनासे होतात, तेव्हा कंपन्या तिकडूनही नाक मुरडतात, ते वेगळं. पण साधारण हिशोब हाच. जितकी नवी, तितकी नाजूक. जितकी नाजूक, तितकी महाग."

अक्का ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दुसऱ्यांच्या हिरड्यांचे साचे दिवसभर हातात घेऊन केसाएवढा फरक घासून काढायचा, हे तिचं काम. ऐकत राहायची आणि हात हलवत राहायची सवय तिथूनच लागलेली. तिने तिघांचा चहा गाळायला घेतला.

"पण एक चांगली बातमी आहे," एजंट म्हणाला. "तुमच्या जुन्या गाडीवर आजवर एकही क्लेम नाही. मी बघितलं. एकही नाही! असं गिऱ्हाईक शोधून सापडत नाही. तुमचा नो क्लेम बोनस पार वरच्या पायरीवर आहे. आणि हा बोनस गाडीचा नसतो बरं का, मालकाचा असतो. जुनी गेली तरी तो तुमच्याबरोबर नव्या गाडीवर येतो. हप्ता जवळजवळ निम्म्यावर."

राजाच्या चेहऱ्यावर परत रक्त आलं. तो खुर्चीत मागे रेलला. "अहो, मग! गाडी कशी चालवायची असते ते कळलं पाहिजे माणसाला. माझ्या हातून कधी साधा ओरखडा नाही."

अक्काच्या हातातली गाळणी तिथेच थांबली. राजाने त्या गाडीचं स्टिअरिंग हातात घेतलं असेल ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, आणि त्यातही एकदा कुंडी फोडली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण कप बशीत ठेवताना आवाजसुद्धा झाला नाही.

आता त्या बोनसमागचं खरं सांगायला हवं. वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन बिघडलं आणि त्यानंतर त्यांना दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागायचं. गाडी जरा उसळली की त्यांच्या तोंडून जी हाक निघायची ती ऐकवत नसे. अक्का गाडी शिकली ती त्या हाकेला भिऊन. कुठल्या रस्त्यावर कुठे खड्डा, कुठल्या वळणावर रिक्षावाला आडवा घुसतो, कुठला सिग्नल लवकर पडतो, सगळं तिच्या हातापायांत मुरलं. ब्रेक लावायची तो असा की डोळे मिटलेल्या माणसाला गाडी थांबली ते दारावर टकटक झाल्यावर कळावं. इंडिकेटर तर ती रिकाम्या गल्लीतही द्यायची. अंगणात गाडी वळवतानाही द्यायची. राजा हसायचा. त्यानेच तिचं नाव ठेवलं होतं, गोगलगाय. भावजयीलाही ते आवडलं, मग भाचरांनाही. घरात कोणी कुठे जायला निघालं की म्हणायचे, गोगलगायीबरोबर जाताय की आजच पोहोचायचंय?

तेही तिने सोसलं असतं. पण वडील! दवाखान्यात शेजारच्या खाटेवरचा कोणी विचारायचा, येता कसे? तर वडील सांगायचे, "राजाची गाडी आहे. फार मऊ चालते." अक्का तिथेच उभी असायची, हातात किल्ली घेऊन. शेवटच्या आजारातही त्यांनी हेच सांगितलं. राजाची गाडी फार मऊ चालते. त्यांच्या जाण्याचं दुःख अक्काला झालंच, पण त्या वाक्याचा काटा दुःखाच्या खाली तसाच राहिला, आणि आज एजंटाने तो नेमका बोटाने दाबला. मऊ चालवण्याला आता किंमत मिळत होती, आणि तीही राजाच घेऊन चालला होता.

एजंट निघाला तेव्हा अक्का त्याला दारापर्यंत सोडायला गेली. तो बुटाची नाडी बांधत होता.

"एक विचारू का हो? समजा, आता या शेवटच्या दिवसांत जुनीवर एखादा क्लेम आला तर?"

"तर बोनस गेला, ताई. आमच्या कंपनीत दुसऱ्याचं नुकसान भरून द्यावं लागलं तरी बोनस शून्यावर येतो. पण लोक हुशार असतात. कुणाच्या जुन्या गाडीला घासलं, तर खिशातून पैसे देऊन मिटवतात, कंपनीला कळूच देत नाहीत. बोनस वाचतो."

"आणि नव्या गाडीला घासलं तर?"

एजंट हसला. "नव्या गाडीचं कोण खिशातून देणार, ताई? तिथे क्लेमच." मग त्याला वाटलं बाई घाबरली आहे. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काळजी करू नका. मी डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममध्येच असेन. जुनी गाडी आत आली, किल्ली दिली, की तिची पॉलिसी बंद करतो आणि तिथल्या तिथे बोनस नवीवर चढवतो."

"आणि तोवर नवी गाडी कोणाची?"

"तोवर शोरूमची. सह्या झाल्या की साहेबांची."

अक्काने त्याचे आभार मानले. अगदी मनापासून मानले.

तरीही तिने राजाला एक संधी दिली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी तिने फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "राजा, तो बोनस आहे ना, तो माझ्या चालवण्याचा आहे. मला त्यातलं काही नको. फक्त उद्या त्या एजंटासमोर एकदा सांग, की गाडी अक्का चालवायची."

पलीकडे राजा हसला. खो खो नाही, नुसता नाकातून. "अगं, गोगलगाय भिंतीवर आपटत नाही, त्यात काय तिचं कौतुक करायचं? तू ना, कशाचं काय घेऊन बसतेस. आणि हो, उद्या गाडी तूच आण शोरूमला. आम्ही दोघं टॅक्सीने पुढे जातो, फोटोबिटो काढायचेत. नीट आण हां. काही लागलं तर किंमत कापतील."

"नीट आणते," अक्का म्हणाली.

सकाळी तिने गाडी धुतली, आतून पुसली. शेजारच्या सीटवर वडिलांच्या पाठीमागे ठेवायची चपटी उशी अजून होती. ती काढायला हात पुढे गेला, पण तिने ती तशीच ठेवली. मग निघाली. सगळ्या सिग्नलला थांबली, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडू दिला, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू दिलं. हात स्थिर होते. आयुष्यभर केसाएवढा फरक ओळखत आलेले हात होते ते.

शोरूमच्या आवाराच्या मध्यावर रस्ता दोन्हीकडे फुटत होता. उजवीकडे जुन्या गाड्यांची रांग, एक्सचेंजला आलेल्या. डावीकडे एकटी नवी गाडी, नाकावर मोठा लाल रेशमी बो बांधलेली, इतकी चकचकीत की तिच्याकडे बघून डोळे बारीक करावे लागत. राजा आणि भावजय लांब, काचेच्या दाराच्या पायऱ्यांवर उभे होते. राजाच्या हातात पुठ्ठ्याची हातभर मोठी किल्ली होती आणि एक मुलगी त्यांचा फोटो काढत होती. एजंट पायरीवर बसून मांडीवर कागद लावत होता. वॉचमनने अक्काला हाताने खूण केली, उजवीकडे.

अक्काने तिन्ही आरसे बघितले. नव्या गाडीजवळ कोणी नव्हतं, आत कोणी नव्हतं. मग ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणाली, "बाबा, आज जरा धक्का बसेल. सांभाळा."

आणि तिने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

पण पाय ऐकेना! इतक्या वर्षांचा शहाणा झालेला पाय, तो आपोआप ब्रेकवर गेला आणि जुनी गाडी नवीच्या पुढ्यात वीतभर अंतरावर येऊन थांबली, नेहमीसारखी, मऊ. वॉचमनने सुटकेचा श्वास टाकला आणि मागे घ्या म्हणून हात हलवले. अक्काला स्वतःच्या पायाचा संताप आला. राजाचं नाकातून हसणं तिच्या कानात वाजलं. भिंतीवर आपटत नाही, त्यात काय कौतुक! तिने दात आवळले, पाय उचलला आणि शेजारच्या पेडलवर ठेवून दाबला.

आवाज फार मोठा झाला नाही. पण नवी गाडी मार बसलेल्या कुत्र्याच्या पिल्लासारखी केकाटायला लागली. बो सुटून खाली पडला. बंपर मधोमध चिरला, दिव्याच्या काचा जमिनीवर, आणि आतून रंगीत वायरी बाहेर लोंबू लागल्या. जुन्या गाडीच्या बंपरला पोचा आला. बस, तेवढंच.

माणसं धावली. फोटो काढणारी मुलगी किंचाळली, भावजयीने डोक्याला हात लावला, आणि राजा पुठ्ठ्याची किल्ली बगलेत मारून पळत आला. येता येताच सुरू झाला, "बाईच्या हातात गाडी दिली की हे असं होतं! मी म्हणतच होतो! अगं, डोळे आहेत का बटणं?"

अक्का खाली उतरली, दाराला धरून उभी राहिली. "पाय चुकला," ती म्हणाली. आवाज खरोखरच कापत होता, त्यासाठी सोंग करावं लागलं नाही.

कोणीतरी नव्या गाडीचा भोंगा बंद केला. आवारात एकदम शांतता झाली. आणि त्या शांततेत एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. टिक. टिक. टिक.

राजाने आवाजाच्या दिशेने मान वळवली. जुन्या गाडीचा डावा इंडिकेटर चालू होता. नव्या गाडीकडे वळण्याआधी अक्काने तो दिला होता. सवयीने, रिकाम्या गल्लीत द्यायची तसा. तिला स्वतःलाही आत्ताच कळलं.

बाकी कोणाच्या तो ध्यानात आला नाही. इंडिकेटरकडे कोण बघतं? पण इतकी वर्षं त्याच इंडिकेटरवरून तिची टर उडवणाऱ्या भावाने बघितलं. ज्याचा पाय चुकतो तो आधी इंडिकेटर देत नाही. राजाने इंडिकेटरकडे बघितलं, मग अक्काकडे. तोंड उघडलं. अक्का त्याच्याकडे सरळ बघत राहिली. तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, उलट छाती भरून आली.

तेवढ्यात शोरूमचा मॅनेजर वॉचमनला घेऊन आला. "हा म्हणतोय, बाई आधी थांबल्या होत्या, मग परत पुढे आल्या. हे चुकून झालंय की मुद्दाम?"

एजंट कागद सांभाळत उठला. त्याचा गोल चेहरा उतरला होता. "साहेब, हे आत्ताच स्पष्ट झालेलं बरं. चुकून झालं असेल तर आमची कंपनी यांना सगळं भरून देईल. तुमचा बोनस जाईल, हप्ता पूर्ण भरावा लागेल, पण तेवढ्यावर सुटाल. मुद्दाम घातली असं ठरलं तर कंपनी हात वर करणार."

"मग आम्ही गाडीच्या मालकाकडून वसूल करणार," मॅनेजर म्हणाला. "मालक कोण?"

सगळे राजाकडे बघू लागले. राजाने फुटलेल्या दिव्याकडे बघितलं, लोंबणाऱ्या वायरींकडे बघितलं. त्या संचाची किंमत एजंटाने त्याला चांगली समजावून सांगितली होती. कपाळावर घाम फुटला.

"मालक मी," तो म्हणाला. "चुकूनच झालंय. मुद्दाम कशाला करेल ती?"

"बाई नवशिक्या आहेत का?" मॅनेजरने विचारलं.

राजाने पुन्हा इंडिकेटरकडे बघितलं. टिक, टिक चालू होतं.

"नवशिकी नाही," राजा शेवटी म्हणाला. एकेक शब्द दाढ उपटावी तसा बाहेर येत होता. "फार सांभाळून चालवते. गाडी इतकी वर्षं तिनेच चालवली. वडिलांना दवाखान्यात तीच न्यायची. कधी ओरखडा नाही आला."

एजंटाने मान वर केली. "ताई चालवायच्या? पण साहेब, तुम्ही तर त्या दिवशी म्हणालात…"

"तीच चालवायची!" राजा ओरडला.

"राजा," अक्का हळूच म्हणाली, "वॉचमनदादांना नीट ऐकू गेलं नसेल. त्यांचाच संशय आहे ना."

राजाने तिच्याकडे जे बघितलं, त्या बघण्यासाठी तिने अजून दोन गाड्या फोडल्या असत्या. पण वॉचमन वाट बघत होता, मॅनेजर वाट बघत होता, भावजय "सांगून टाका ना एकदाचं" म्हणत होती. राजा वॉचमनकडे वळला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हणाला. सांभाळून चालवते. तिनेच चालवली. वडिलांना तीच न्यायची.

मॅनेजरने मान डोलावली आणि जुन्या गाडीची किल्ली मागितली. अक्काने खिडकीतून आत हात घातला, इंडिकेटर बंद केला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. मग दार उघडून वडिलांची उशी बाहेर काढली, काखेत घेतली आणि बस पकडायला फाटकाकडे निघाली.